वॉर्डाबाहेर पडणे म्हणजे प्रगती नव्हे

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की गावोगावी करिअर मार्गदर्शनाचे मेळावे भरतात आणि त्यांत बी.एस्सी. नर्सिंगवर एक भाषण असतेच. गेली काही वर्षे या भाषणांचा सूर एकच झाला आहे. वक्ते सांगतात, ‘नर्सिंग केले म्हणून जन्मभर पेशंटपाशीच राहावे लागते असे समजू नका.’ मग पर्याय येतात: मेडिकल कोडिंग, विमा कंपनीत दावे तपासणे, औषध कंपन्यांच्या चाचण्यांची कागदपत्रे सांभाळणे, हॉस्पिटल मॅनेजमेंट, आरोग्यविषयक लेखन, आणि शेवटी आवाज चढवून, परदेश. ऐकणाऱ्या आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. मुलगी ‘त्या’ कामातून सुटणार!

यातला एकही पर्याय खोटा नाही, आणि ज्यांनी तो निवडला त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. लहान मूल, पाठीचे दुखणे, न झेपणाऱ्या नाइट ड्युट्या, कारणे खरी असतात. माझा विरोध आहे तो या सांगण्यामागच्या गृहीतकाला. रुग्णाजवळचे काम ही पहिली पायरी आणि शहाण्या माणसाने तिथून लवकर उठावे, हे ते गृहीतक. चार वर्षांचे शिक्षण ज्या कामासाठी दिले, त्याच कामातून सुटका होणे हे त्या शिक्षणाचे यश कसे? एमबीबीएसच्या मुलाला कोणी सांगत नाही की डॉक्टर झालास म्हणून रुग्ण तपासायलाच हवेत असे नाही. त्याला विचारतात, एम.डी. कशात करणार? नर्सिंगच्या मुलीला हा प्रश्न का विचारत नाहीत?

विचारत नाहीत, कारण वॉर्डातले काम म्हणजे सलाइन लावणे, गोळ्या वाटणे आणि बेडपॅन देणे अशी समजूत पक्की आहे. ज्यांनी ते काम जवळून पाहिलेले नाही त्यांची ती असेल तर समजू शकते. पण मी नर्सिंग शिकवते, आणि आता हीच समजूत माझ्या विद्यार्थिनींच्या, कधी कधी माझ्या सहकाऱ्यांच्याही बोलण्यात उतरलेली मला दिसते. म्हणून एक काम जवळून दाखवते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या काही शस्त्रक्रियांत आतड्याचे टोक पोटावर काढून तिथून मळाला वाट करून द्यावी लागते. त्याला स्टोमा म्हणतात. तो पोटावर नेमका कुठे काढायचा याची खूण शस्त्रक्रियेच्या आधी करतात, आणि या कामात प्रशिक्षण घेतलेली परिचारिका ती करू शकते. रुग्णाला नुसते आडवे निजवून ही खूण होत नाही. ती त्याला खुर्चीवर बसवते, उभे करते, वाकायला लावते, मांडी घालून खाली बसायला सांगते. बसल्यावर पोटाची घडी कुठे पडते ते पाहते. बेंबी, जुना व्रण, कमरेचे हाड यांपासून जागा पुरेशी दूर आहे ना, ते तपासते. बाई असेल तर परकराची नाडी कुठे येते हे विचारते. नऊवारी नेसणारी असेल तर ओचा कुठे खोचते तेही. शेवटी रुग्णालाच विचारते, ‘ही जागा तुम्हाला मान खाली घालून दिसते का?’ कारण उद्या बॅग त्यालाच बदलायची आहे. खूण घडीत पडली तर चकती नीट चिकटत नाही, मळ झिरपतो, भोवतीची कातडी सोलवटते. मग तो माणूस एसटीत बसत नाही, लग्नकार्याला जात नाही. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते आणि आयुष्य घरात कोंडलेले असते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हे काम स्वतंत्र शास्त्र म्हणून चालते आणि शिकवले जाते. या परिचारिकेच्या कामाला ‘हलके’ म्हणणाऱ्याने एकदा तिच्याशेजारी तासभर उभे राहावे.

दुसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त आपण ती चुकीच्या कारणासाठी आठवतो. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी गेल्या. ही सारी वर्षे त्यांची शुश्रूषा त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी केली. दयामरणाच्या याचिकेवर २०११ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचे मनापासून कौतुक केले. इतकी वर्षे पडून असलेल्या बाईला शय्याव्रण झालेला नाही, याची दखल घेतली आणि त्यांच्या वतीने निर्णय सांगण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. आपण ही हकिकत मायेची म्हणून सांगतो. माया होतीच. पण माया असलेल्या घरांतही पडून राहिलेल्या आजोबांच्या पाठीला थोड्याच दिवसांत जखम होते. कुठल्या हाडावर दाब येतो, किती वेळाने कूस बदलायची, उचलताना कातडी कशी ओढली जाऊ द्यायची नाही, लघवीची ओल आणि पोटात जाणारे प्रथिन यांचा जखमेशी काय संबंध, हे शिकावे लागते आणि रोज, तिन्ही पाळ्यांत, न चुकता करावे लागते. ते कौशल्य होते. त्याला नुसते ‘सेवा’ म्हणून हार घातला की पगार आणि पद द्यायची जबाबदारी टळते, म्हणून समाजाला तो शब्द सोयीचा वाटतो.

माझ्यावर येणारा पहिला आक्षेप असा: काम कितीही कसबाचे असो, वॉर्डात राहून पुढे काय मिळते? हा आक्षेप खरा आहे, आणि भांडणाचे खरे मूळ इथेच आहे. आपल्या राज्यात सरकारी रुग्णालयात मुलगी अधिपरिचारिका म्हणून लागते. बढती मिळाली तर परिसेविका, मग सहाय्यक अधिसेविका, मग अधिसेविका. परिसेविका झाली की तिच्या हाती येते ती ड्युटी लिस्ट, औषधांचे इंडेंट, चादरींचा हिशेब, डेड स्टॉकचे रजिस्टर आणि मोडक्या सक्शन मशीनचा पत्रव्यवहार. ही कामे लागतातच, ती नीट करणाऱ्या परिसेविकेविना वॉर्ड चालत नाही. पण विचार करा. चार्टवर सगळ्यांच्या नावापुढे श्वासाचा आकडा २० असा लिहून मोकळे होण्याची सवय जिथे सर्रास आहे, तिथे घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजणारी, २८ भरले म्हणून रात्री दोनला डॉक्टरांना उठवणारी आणि त्यामुळे जंतुसंसर्ग रक्तात पसरण्याआधी पकडणारी एक बाई पंधरा-वीस वर्षांत तयार होते. बढती म्हणून आपण तिलाच खाटेपासून उचलतो आणि रजिस्टरांपाशी बसवतो. जायला नको म्हणाली तर ती ज्या पदावर लागली त्याच पदावर निवृत्त होते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलने एकेक वर्षाच्या पोस्ट बेसिक पदविका केव्हाच आखून दिल्या आहेत: अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, मानसिक आरोग्य, शस्त्रक्रियागृह, भाजलेल्या रुग्णांची परिचर्या, वृद्धांची परिचर्या. मुलगी हौसेने पदविका करून येते आणि पुढच्या फेरबदलात अतिदक्षतेची मुलगी बाह्यरुग्ण विभागात, नवजातची अस्थिरोगात. पदविकेला वेगळे पद नाही, वेगळी श्रेणी नाही. तेव्हा ‘वॉर्डात भविष्य नाही’ हे वाक्य कामाबद्दल काहीच सांगत नाही. ते आपल्या आस्थापना विभागाने मंजूर केलेल्या पदांच्या तक्त्याबद्दल सांगते. तो तक्ता माणसांनी केला आहे आणि माणसांना बदलता येतो. मार्गदर्शकांनी मुलींना पळवाट दाखवण्याऐवजी तो तक्ता बदलायला सांगितले असते तर मी हा लेख लिहिला नसता.

परदेशाचे आकर्षणही याच बाजूने बघायला हवे. ‘पैशाच्या मागे गेल्या’ असे म्हणून जाणाऱ्या मुलींना दोष देणाऱ्यांशी माझे दुप्पट भांडण आहे. ब्रिटनमध्ये परीक्षा देऊन लागलेली परिचारिका ‘बँड ५’ या वेतनश्रेणीवर सुरुवात करते. पुढे ती जखमांची, मधुमेहाची, स्तनांच्या कर्करोगाची तज्ज्ञ परिचारिका होऊ शकते. अधिक शिकून अॅडव्हान्स्ड प्रॅक्टिशनर, त्याहून वर कन्सल्टंट नर्स. हे सारे रुग्णाच्या जवळ राहून, आणि प्रत्येक टप्प्यावर पगार वाढत. ठरावीक प्रशिक्षणानंतर औषधे लिहून देण्याचा अधिकारही तिला मिळतो. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका त्यात आल्याच. जर्मन भाषा शिकवण्याची सोय व्हावी, मुलींची फसवणूक होऊ नये, हे चांगलेच. पण ज्या सरकारला आपल्या परिचारिका तिकडच्या रुग्णालयांना योग्य वाटतात, त्याने त्यांच्यासाठी इकडे तज्ज्ञ परिचारिकेचे एक पद निर्माण करायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप आमच्याच क्षेत्रातून येतो. जीएनएमची पदविका घेतलेली आणि बी.एस्सी. झालेली, दोघी एकाच पदावर, एकाच पगारावर, एकच काम करतात; मग पदवीचा उपयोग काय? आधी एक सांगते: मला घडवणाऱ्या कित्येक परिचारिका जीएनएम होत्या, आणि पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पुढे आलेल्या मुलींइतके जिद्दीचे विद्यार्थी मी पाहिलेले नाहीत. तरीही पदवीला काही किंमत नाही हे मला मान्य नाही. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या नऊ देशांतील ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण त्यात होते. परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती ७ टक्क्यांनी घटते, असे त्यांना दिसले. हा संबंध आहे, कार्यकारणाचा थेट पुरावा नाही, असे कोणी म्हणेल तर ते योग्यच आहे. पण निदान एवढे तरी कळते की पदवीधर परिचारिकेची जागा खाटेजवळ आहे. तिला तिथून उठवून विम्याचे दावे तपासायला बसवले तर त्या मृत्यूंच्या आकड्यांचे काय होईल, याचा विचार मेळाव्यातल्या वक्त्यांनी करावा.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठ्या आवाजात घेतला जातो. परिचारिकेला अधिकार दिले तर रुग्णांच्या जिवाशी खेळ होईल. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात कलम ३२ आले तेव्हा डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. सामुदायिक आरोग्य सेवकाला मर्यादित परवाना देणारे ते कलम भोंदूगिरीला कायद्याचे कवच देते, असा त्यांचा आरोप होता. कलमाची शब्दरचना ढगळ होती, हे मलाही मान्य. कोणाला, किती शिक्षणावर, कोणत्या देखरेखीखाली परवाना, हे कायद्यात काटेकोर हवे. पण ‘एमबीबीएस नाही म्हणजे भोंदू’ हे समीकरण मी मान्य करणार नाही. प्रसूतीच्या वेळी रक्तदाब वाढून झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग बाईला पुढे पाठवायचे, हे काम केंद्र सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांनी उपकेंद्रातल्या एएनएम परिचारिकेवर सोपवले आहे. जिथे डॉक्टर जायला तयार नाहीत तिथे दोन वर्षे शिकलेल्या एएनएमच्या हातात हे औषध चालते. मग जिल्ह्याच्या गावी, चार वर्षे शिकलेल्या आणि वर दोन वर्षे अतिदक्षतेत घासून निघालेल्या परिचारिकेवर भरवसा का नाही? अधिकाराची हद्द रुग्णाच्या धोक्यावरून ठरत असती तर ती उलटी असती.

याचे सर्वांत पक्के उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या, बेताचे शिकलेल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात बालकांच्या मृत्युदरात ६२ टक्के घट. त्याआधी जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना हाताशी धरून हेच दाखवून दिले होते. नीट प्रशिक्षण, ठरलेली मर्यादा आणि पाठीशी उभी व्यवस्था एवढे असले की काम होते. दवाखान्यातल्या प्राथमिक उपचारांबद्दल २०१८ च्या कोक्रेन आढाव्याने जगभरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. डॉक्टरऐवजी परिचारिकेने पाहिलेल्या रुग्णांची प्रकृती निदान तितकीच, काही बाबतींत अधिक चांगली राहिली. परिचारिकांनी वेळ जास्त घेतला आणि रुग्ण अधिक समाधानी होते. डॉक्टरांची गरज संपते असे यातून निघत नाही. परिचारिकेने कुठे थांबायचे आणि कोणाला बोलवायचे हे ठरवण्यासाठी डॉक्टर लागतातच.

आपल्या देशात या दिशेने काही झालेच नाही असेही नाही, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटते. इंडियन नर्सिंग कौन्सिलने ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करून जवळजवळ दशक लोटले. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतून मिडवायफरीचा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आला, आणि नैसर्गिक प्रसूती प्रशिक्षित मिडवाइफच्या देखरेखीखाली व्हाव्यात, असा विचार सरकारदरबारी मान्य झाला. २०२३ साली जुन्या १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा आला. कागद तयार आहेत. पण अभ्यासक्रम आला त्याबरोबर बहुतेक ठिकाणी पद आले नाही. दोन वर्षे घालून मुलगी परत येते आणि पुन्हा त्याच ड्युटी लिस्टमध्ये तिचे नाव लागते.

समुदाय आरोग्य अधिकारी हे एक पद मात्र खरेच उभे राहिले. उपकेंद्रात बसून तीस वर्षांवरच्या लोकांचा रक्तदाब, साखर, तोंडाचा आणि स्तनांचा कर्करोग तपासणे, औषधे चालू ठेवणे, गरज पडेल तेव्हा डॉक्टरांशी ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवरून बोलणे. बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलीसाठी इतके जबाबदारीचे, इतके स्वतंत्र काम पूर्वी नव्हते. आपल्या राज्यात या पदावर आयुर्वेदाचे पदवीधरही येतात. त्याला माझी हरकत नाही, हरकत आहे ती पद कंत्राटी ठेवण्याला. २५ हजार मानधन आणि कामाच्या आकड्यांवर मिळणारे १५ हजारांपर्यंत, तेही कधी वेळेवर, कधी नाही. अशा पदाला ‘करिअर’ म्हणून मेळाव्यात विकणे ही मुलींची दिशाभूल आहे. कंत्राटी आणि बाह्यस्रोत भरतीविरुद्ध राज्यातल्या परिचारिका २०२२ साली आणि पुन्हा २०२५ साली संपावर गेल्या, तेव्हा ‘रुग्णांना वेठीस धरले’ अशी टीका झाली. रुग्णांना वेठीस कोणी धरले, हे रिक्त पदांची यादी पाहून ठरवावे.

खासगी क्षेत्राबद्दल थोडक्यात सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली: २०० खाटांहून मोठ्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार, आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयातही महिना किमान २० हजार. केरळात परिचारिका संघटित झाल्या, लढल्या, आणि २०१८ साली तिथल्या सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांत मात्र आजही परिचारिका या रकमेच्या निम्म्यावर राबतात, वर बाँड लिहून देतात आणि मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात ठेवतात. अशा मुलीने मेडिकल कोडिंगची नोकरी धरली तर मी तिला काय तोंडाने थांबवू? तिला परत आणायचे तर आधी हा पगार बदलावा लागेल.

मेळाव्यातल्या यादीत काही नावे मात्र चुकून बसवली जातात. संसर्ग नियंत्रण परिचारिका, अवयवदान समन्वयक, वेदनाशामक परिचर्या करणारी, शाळेतली किंवा कारखान्यातली आरोग्य परिचारिका यांना ‘नर्सिंगबाहेरच्या संधी’ म्हणतात. मेंदू मृत झालेल्या तरुणाच्या आईवडिलांसमोर बसून अवयवदानाबद्दल बोलणे याहून नर्सिंगच्या गाभ्यातले काम कोणते? शिकवण्याच्या नोकरीचे उलट आहे. ती यादीत सुरक्षित, दिवसपाळीची म्हणून येते आणि पास झाल्या झाल्या मुली ट्यूटर होतात. जिने स्वतः एकही रात्र एकटीने वॉर्ड सांभाळलेला नाही ती पुढच्या पिढीला काय शिकवणार? एम.एस्सी.ला प्रवेशासाठी वर्षभराचा अनुभव मागतात. शिकवायला येणाऱ्यांकडून मी किमान तीन वर्षे मागेन.

सरकारकडे माझ्या मागण्या अवघड नाहीत. परिसेविकेच्या वेतनश्रेणीइतकीच श्रेणी असलेले, पण खाटेजवळचे, तज्ज्ञ परिचारिकेचे पद सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मंजूर करावे. सुरुवात अतिदक्षता, नवजात आणि कर्करोग विभागांतून व्हावी. पोस्ट बेसिक पदविका घेतलेल्या परिचारिकेची तिच्या विषयाबाहेर बदली करू नये. नर्स प्रॅक्टिशनरने कोणती औषधे, कोणत्या स्थितीत, कोणाच्या देखरेखीखाली सुरू करायची, याची यादी राज्याने प्रसिद्ध करावी, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनांनाही नेमक्या मुद्द्यावर वाद घालता येईल.

आणि यंदा पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलींना, आमच्या ब्रदर मंडळींनाही, माझा सल्ला: पहिली दोन-तीन वर्षे अशा ठिकाणी काढा जिथे वरिष्ठ शिकवतात, भले पगार थोडा कमी असो. मग एक विषय धरा आणि त्यात पुढे शिका. मुलाखतीला गेलात की पगाराबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: रात्रपाळीला तुमच्याकडे एका परिचारिकेमागे किती रुग्ण असतात? कौन्सिलचा निकष सामान्य वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयासाठी तीनाला एक आणि इतर ठिकाणी पाचाला एक असा आहे, अतिदक्षतेत एकाला एक. उत्तर आकड्यात मिळाले नाही, किंवा पंचवीस-तीस असे मिळाले, तर प्रमाणपत्रांची फाइल घेऊन तिथून निघा आणि बाकीच्या मैत्रिणींनाही तो आकडा सांगा.